टायमिंग: दिवा, कान आणि वही

जुन्या गाडीचं इंजिन बांधून घेणाऱ्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. बोअर किती केला, पिस्टन कुठून मिळवले, क्रोमचं काम कसं झालं, रंग अगदी मूळच्यासारखा कसा जमला, यावर ते अर्धा तास आरामात बोलतील. "आणि टायमिंग किती लावलंय?" असं विचारलं की एका वाक्यात उत्तर येतं. "ते ना, उस्तादने कानाने लावलंय." विषय संपला.

माझं म्हणणं असं की नव्याने बांधलेल्या इंजिनाचं टायमिंग नुसतं कानाने लावून घेऊ नये. आणि हेही सांगतो, की नुसतं पुस्तकातल्या आकड्यावर भरवसा ठेवूनही लावू नये. आधी खूण पडताळा, मग दिवा वापरा, मग कान लावा, आणि जे काही ठरलं ते वहीत लिहा. ऐकायला साधं वाटतं, पण आपल्या मुंबईत २०२३ नंतर याला एक वेगळंच महत्त्व आलंय. ते का, ते पुढे सांगतो. आधी थोडं मूलभूत, कारण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे कीबोर्ड बडवणारे आहेत आणि बॉनेट उघडायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते :)

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला प्लगची ठिणगी पेटवते. हे मिश्रण बॉम्बसारखं एकदम फुटत नाही, ज्योत पसरत जाते. त्याला वेळ लागतो, ढोबळमानाने दोन मिलिसेकंद धरा. सगळा दाब तयार होऊन पिस्टनला खाली ढकलायचा तो पिस्टन वरच्या टोकावरून थोडा खाली यायला लागला की, म्हणजे क्रँक साधारण १२ ते १५ अंश पुढे गेलेला असताना. म्हणून ठिणगी द्यायची ती पिस्टन वर पोचायच्या आधी. किती आधी, ते क्रँकच्या अंशांत मोजतात, आणि हेच ते इग्निशन टायमिंग.

आता आपल्या लोकांना आवडेल असं गणित. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल करतंय, तर दोन मिलिसेकंदांत क्रँक फिरतो साडेनऊ अंश. तेच ३००० फेऱ्यांवर दोन मिलिसेकंद म्हणजे ३६ अंश. प्रत्यक्षात फेऱ्या वाढल्या की सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि ज्योतही जलद पसरते, त्यामुळे गरज इतकी सरळ वाढत नाही. पण वाढते हे नक्की. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप लवकर पडायला लागते. शिवाय बऱ्याच डिस्ट्रिब्युटरना व्हॅक्युमची डबी असते, ती ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना आणखी थोडं पुढे नेते. चार सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या मागतं, आणि तिथे एक अंश म्हणजे ५६ मायक्रोसेकंद. हे सगळं कुठल्याही प्रोसेसरशिवाय, दोन वजनं, दोन स्प्रिंगा आणि एका फिरत्या उंचवट्याच्या जोरावर. रिअल टाइम सिस्टिमवर काम करणाऱ्याने एकदा तरी डिस्ट्रिब्युटर उघडून बघावा.

टायमिंग फार पुढे गेलं, मेकॅनिकच्या भाषेत "ॲडव्हान्स" झालं, तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब वाढतो. उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं आणि धातूवर छोटी हातोडी मारल्यासारखा टणटण आवाज येतो. हेच नॉकिंग. ते सतत चाललं तर पिस्टनची कड खाल्ली जाते, रिंगांमधल्या जागा तुटतात, हेडचं गास्केट जातं. टायमिंग मागे राहिलं तर ताकद जाते, पेट्रोल जास्त लागतं, जळतं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जाऊन सगळं तापतं आणि मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उकळते. यातली फसवी गोष्ट अशी की मागे राहिलेलं टायमिंग आवाज करत नाही. गाडी गुळगुळीत चालते, आयडल छान असतं, मालक खूश असतो. सहा महिन्यांनी तो रेडिएटर बदलतो आणि तरीही गाडी तापतेच.

आता मुंबईकडे येऊ. आपल्याकडे "क्लासिक कार" म्हटलं की मोटार रॅलीतल्या रोल्स रॉइस आणि ब्युइक आठवतात, पण मध्यमवर्गाच्या आवाक्यातली जुनी गाडी म्हणजे फियाट आणि पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायला लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. इंजिन तेच राहिलं: चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, १०८९ सीसी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

त्या आठवड्यात सगळ्यांनी फोटो टाकले, आठवणी लिहिल्या. एखादी तरी टॅक्सी संग्रहालयात जपून ठेवा, अशी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची मागणीही होती. सगळं योग्यच. पण त्या दिवशी गाडीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही. ती म्हणजे मेकॅनिकचा कान.

आमच्या ठाकूरद्वारपासून ऑपेरा हाऊसचं मोटार पार्टचं मार्केट चालत पंधरा मिनिटांवर. गिरगाव, खेतवाडी, ग्रँट रोड, ताडदेव या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला, गॅरेज म्हणावं की नाही अशा जागेत, पद्मिनीवर हात बसलेली माणसं होती. एक पेटी, एक स्टूल, आणि गिऱ्हाईक उभं असताना डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट अर्धवट ढिला करून इंजिन चालू ठेवत, कान देत, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवणारा उस्ताद. "थोडा पीछे ले. बस, बस." आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मी या कौशल्याची टिंगल करत नाहीये. उलट ते इतकं बरोबर का यायचं, हे समजून घ्यावं असं मला वाटतं.

ते बरोबर यायचं कारण उस्तादला दिवसभरात पाच-सहा त्याच जातीची इंजिनं भेटायची, आणि मुख्य म्हणजे तो ड्रायव्हर परत यायचा. टॅक्सीवाला दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवणार. टायमिंग चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. "पेडर रोडला ओढत नाही", "काल टणटण करत होती", "गॅस जास्त खाते". म्हणजे उस्तादच्या कानाला रोज उत्तरपत्रिका तपासून मिळत होती. आमच्या धंद्यात याला फीडबॅक लूप म्हणतात. तो जितका छोटा, तितकं शिकणं वेगात आणि पक्कं.

आता तो लूप तुटलाय. आज तोच उस्ताद, किंवा त्याचा मुलगा, दोन-तीन महिन्यांत एखादी पद्मिनी बघतो. तिचा मालक रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला एक फेरी मारून गाडी झाकून ठेवतो. सपाट रस्ता, रिकामी गाडी, ताशी चाळीसचा वेग. तिथे कुठलंही टायमिंग चालून जातं. म्हणजे चूक कळायचा मार्गच नाही. कान तोच आहे, पण त्याला खरं-खोटं सांगणारं कोणी उरलं नाही. म्हणून "चाळीस वर्षं कानाने लावतोय" हे वाक्य २००५ साली जितक्या वजनाचं होतं, तितकं आता राहिलेलं नाही. यात उस्तादचा दोष अजिबात नाही.

यात आणखी एक गुंता आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत प्रदूषणाबाबतच्या उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे मुंबईतल्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या वर असतो, म्हणजे नॉकिंगची भीती कमी, आणि हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. त्यामुळे सीएनजीवर टायमिंग पेट्रोलपेक्षा काही अंश पुढे ठेवावं लागतं. आता विचार करा. शेवटची वीस वर्षं ज्या कानावर संस्कार झाले ते सीएनजीवर चालणाऱ्या पद्मिनींचे. त्याच हाताने आज पेट्रोलवरच्या, नव्याने बांधलेल्या, बोअर केलेल्या इंजिनाला "नेहमीसारखं" टायमिंग लावलं, तर ते पुढे जायची शक्यता किती? हा माझा तर्क आहे, पण दोन गाड्यांवर दिवा धरून पाहिल्यावर तो बळावलाय.

"मग पुस्तक आहे की! त्यातला आकडा लावा." हा दुसरा पक्ष. हे लोक बहुधा आपल्याच जातीचे, मॅन्युअल वाचणारे. पण पुस्तकातला आकडा कारखान्यातून निघालेल्या नव्या इंजिनाचा, त्या काळातल्या पेट्रोलचा. तुमचं इंजिन नवं नाही, बांधलेलं आहे. या दोन शब्दांत बराच फरक आहे.

हेड वाकलं म्हणून त्याला फेसिंग करतात, कधी एकदा, कधी आधीच्या मालकाने तीनदा. ६८ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर. हेडवरून अर्धा मिलिमीटर गेला तर जवळपास पावणेदोन घनसेंटिमीटर जागा कमी होऊ शकते, आणि ज्वलनाची मूळ जागाच चाळीस-पंचेचाळीस घनसेंटिमीटर. म्हणजे कॉम्प्रेशन वाढलं, आणि कॉम्प्रेशन वाढलं की नॉकिंगची रेघ जवळ येते. डिस्ट्रिब्युटरमधल्या स्प्रिंगा तीस-चाळीस वर्षांत सैल झालेल्या असतात, कधी एक स्प्रिंग भलत्याच डिस्ट्रिब्युटरची असते. मग आयडलला आकडा अगदी पुस्तकातला, आणि २००० फेऱ्यांवर सगळा ॲडव्हान्स आधीच खर्च झालेला. नुसत्या आयडलच्या आकड्यावरून हे कधीच कळणार नाही.

आणि पेट्रोल. याला तर मोठा इतिहास आहे. बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर चालणारी ठिणगीची पद्धत १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी तयार केली. आपली पद्मिनी शेवटपर्यंत त्याच तत्त्वावर चालली. त्या काळी इंजिनं टणटण करायची तेव्हा लोकांनी दोष या नव्या इग्निशनला दिला. केटरिंग यांनी खरं कारण शोधायला माणसं लावली, दोष इंधनाचा निघाला, आणि १९२१ साली थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याचा उपाय सापडला. नॉकिंग थांबलं, पण ते शिसं पुढची अनेक दशकं जगभरातल्या मुलांच्या रक्तात गेलं. भारतात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झालं. आज पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, म्हणजे नॉकिंगपुरतं बघायचं तर फायदाच. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटच्या कार्ब्युरेटरमधून येणारं मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, आणि पातळ मिश्रण सावकाश जळतं. शिवाय जुने रबरी पाइप आणि डायफ्राम खराब होतात ते वेगळंच. सांगायचं इतकंच की ज्या पेट्रोलसाठी पुस्तकातला आकडा लिहिला गेला, ते पेट्रोल आता नाही. तो आकडा ही सुरुवात करायची जागा आहे, तिथेच थांबायचं नाही.

मग करायचं काय? क्रम सांगतो, कारण टायमिंगमध्ये क्रम चुकला की सगळं चुकतं.

पहिलं, पुलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या वाडीतल्या एका काकांच्या पद्मिनीचं इंजिन बांधून आलं. बांधणाऱ्याचं नाव सांगत नाही, कामही वाईट नव्हतं. पण गाडी सारखी तापत होती. दिवा धरला तर टायमिंग पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर. काकांचं म्हणणं, आता थर्मोस्टॅट बघू. मी म्हटलं, आधी खूण बघू. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकात आतून पोकळ केलेल्या जुन्या प्लगमध्ये बसवलेला बोथट बोल्ट लावला, आणि इंजिन हाताने हळू फिरवत पिस्टन त्याला टेकला तिथे पुलीवर खडूने रेघ मारली. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकला तिथे दुसरी रेघ. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनचं खरं वरचं टोक. हा मध्य आणि पुलीवरची कोरलेली खूण यांत सहा अंशांचा फरक निघाला. बांधताना पुली किंवा पुढचं झाकण दुसऱ्या इंजिनाचं बसलं होतं, एवढंच. दिवा खोटं बोलत नव्हता, खूण खोटी होती. सगळं टायमिंग सहा अंश मागे होतं.

प्लगच्या भोकात काडी घालून "वर आला की कळतं" हा उपाय मी बाद करतो. वरच्या टोकाच्या पाच अंश आधी आणि पाच अंश नंतर पिस्टन ०.२ मिलिमीटरही हलत नाही. काडीने ते कळणं शक्य नाही. दोन्ही बाजूंनी टेकवून मध्य काढणं हाच खात्रीचा मार्ग. त्यानंतर पुलीच्या कडेभोवती टेप धरून परीघ मोजा, ३६० ने भागा, आणि पांढऱ्या रंगाने ५, १०, २०, ३० अंशांच्या रेघा काढा. पुली १४ सेंटिमीटर व्यासाची असेल तर एक अंश म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. पंधरा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, टॅपेट आणि पॉइंटचा गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप बदलला की टायमिंग बदलतं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग पुढे जातं. त्यामुळे टायमिंग लावून मग पॉइंट घासणारा माणूस दिसला की त्याला थांबवा. पॉइंट जळालेले असतील तर नवे टाका, ही काही महाग वस्तू नाही.

तिसरं, पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर आहे याची खात्री. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पिस्टन दोनदा वर येतो आणि त्यातली एकच वेळ ठिणगीची. प्लगच्या भोकावर बोट ठेवा, हवा बोटाला ढकलते ती बरोबर वेळ. मग कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि बॉडीला बारा व्होल्टचा बल्ब जोडा. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर फिरवा. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. जिथे पेटला तिथे ठिणगी पडणार. पुलीवर आपल्याला हव्या त्या अंशावर हे जुळवलं की इंजिन चालू होण्याइतकं टायमिंग लागलं. यात दहा रुपयांचा बल्ब आणि दोन वायरी लागतात.

चौथं, इंजिन पुरतं गरम झाल्यावर टायमिंग लाइट. व्हॅक्युमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करायचं, आयडलला आकडा बघायचा, आणि मग (हे बहुतेक जण करत नाहीत) हळूहळू फेऱ्या वाढवत १५००, २०००, ३००० ला आकडा बघायचा. तो टप्प्याटप्प्याने चढतोय का, कुठे अडकतोय का, उडी मारतोय का. हे बघितलं की स्प्रिंगा आणि वजनांची तब्येत कळते. लावताना मी तरी आयडलपेक्षा वरच्या आकड्याला जास्त किंमत देतो, कारण पिस्टन फुटतो तो वरती, आयडलला नाही.

पाचवं, आता कान. हो, कान लागतोच. आपल्या नव्या गाड्यांत इंजिनाला नॉक सेन्सर चिकटवलेला असतो. तो टणटण ऐकतो, संगणक ठिणगी मागे घेतो, मग हळूच पुन्हा पुढे सरकतो. सेकंदात कितीतरी वेळा. पद्मिनीत तो सेन्सर म्हणजे तुम्ही. त्याहून जुन्या, फोर्डच्या मॉडेल टी सारख्या गाड्यांत तर स्टीअरिंगपाशी टायमिंगचा दांडाच असायचा आणि ड्रायव्हर चालवता चालवता ठिणगी पुढे-मागे करायचा. आपल्याला ते चढावर करून बघायचंय. गाडीत तीन माणसं बसवा, केम्प्स कॉर्नरकडून पेडर रोडचा चढ घ्या, मुद्दाम वरच्या गिअरमध्ये थोडा वेळ ॲक्सिलरेटर दाबून ओढू द्या. काच खाली. अगदी पुसट टणटण येऊन लगेच गेली तर एक अंश मागे घ्या आणि पुन्हा चढा. काहीच आवाज नसेल तर एक अंश पुढे घेऊन बघायला हरकत नाही. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलून "आता बरं वाटतंय" म्हणणाऱ्याला आपल्या ऑफिसात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. फक्त इंजिन नुकतंच बांधलेलं असेल तर ही चाचणी पहिल्या हजारभर किलोमीटरनंतर, तोवर पुस्तकातल्या आकड्याहून एक-दोन अंश मागे ठेवलेलं बरं. आवळ इंजिन तसंही तापतं.

आणि हजार किलोमीटरनंतर सगळं परत तपासायचंच. नव्या पॉइंटची जी टाच उंचवट्यावर घासते ती सुरुवातीला झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग हळूहळू मागे सरकतं. नवी टायमिंग चेनही थोडी ताणते आणि तीही मागेच नेते. म्हणजे पहिल्या दिवशी अचूक लावलेलं टायमिंग दोन महिन्यांनी तेच असेल असं धरणं चूक आहे. टॅक्सीवाला हे आपोआप करून घ्यायचा, कारण त्याची हजार किलोमीटर आठवड्या-दीड आठवड्यात व्हायची. तुमची व्हायला दोन वर्षं लागतील. तोवर कोण लक्षात ठेवणार?

"एवढं कशाला, इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकून मोकळे व्हा" असंही मित्र सांगतात. टाका, मला काही सोवळं नाही. पॉइंटची झीज त्याने संपते आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते किट पॉइंटच्या जागी बसतं. डिस्ट्रिब्युटर तोच, वजनं आणि स्प्रिंगा त्याच, पुलीवरची खूण तीच. ठिणगी कधी पडावी हे अजूनही तुम्हीच ठरवणार. चुकीच्या वेळी जास्त जोरदार ठिणगी, एवढाच फायदा.

म्हणून शेवटी वही. दहा रुपयांची, ग्लव्ह बॉक्समध्ये मावेल अशी. त्यात लिहायचं: इंजिन कधी बांधलं, बोअर किती, हेड किती घासलं, पुलीची खूण खऱ्या टोकापासून किती अंश सरकलेली निघाली, पॉइंटचा गॅप, आयडलचा आकडा, २००० आणि ३००० चा आकडा, कुठलं पेट्रोल, कार्ब्युरेटरचा जेट, चढावर काय ऐकू आलं, तारीख आणि किलोमीटर. पुढच्या वेळी जो कोणी बॉनेट उघडेल त्याला हे पान दाखवायचं. उस्तादांचा अपमान होईल ही भीती मला आधी वाटायची, पण अनुभव उलटा आहे. माझ्या ओळखीच्या एका उस्तादने काकांची वही बघून सहा अंशांचा आकडा दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि व्हॅक्युमच्या डबीबद्दल दोन ओळी स्वतः लिहिल्या. ती डबी कुठल्या गाडीची आहे हे त्याला नुसतं बघून कळलं होतं. आम्हाला दोघांनाही ते कधीच कळलं नसतं.

हीच माहिती मला वाचवावीशी वाटते. संग्रहालयात ठेवलेल्या टॅक्सीचं इंजिन चालू नसेल तर तिचं टायमिंग काहीही असलं तरी चालतं. रस्त्यावर जी थोडी इंजिनं राहिली आहेत ती घरगुती मालकांच्या हातात आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या. पन्नास वर्षांत काळ्या-पिवळ्यांनी जे शिकवलं ते कोणी लिहून ठेवलं नाही, कारण गरजच पडली नाही, रोज नवी गाडी दारात यायची. ती आता येत नाही. ज्यांच्या कानात ते सगळं आहे ती माणसं साठी-सत्तरीला आलीयेत. त्यांच्याकडे गाडी टाकून निघून जाऊ नका. रविवारी सकाळी दिवा घेऊन शेजारी उभे राहा, ते डिस्ट्रिब्युटर फिरवून "बस" म्हणाले की पुलीवरचा आकडा वाचा, आणि लिहा. त्यांचा कान किती अंशांवर थांबतो, हे निदान आकड्यात तरी उरेल.

ता. क. पेडर रोडची चाचणी सकाळी सातच्या आत उरका. नंतर वरच्या गिअरमध्ये चढ घ्यायला रस्ता मिळत नाही, आणि मागचा हॉर्न वाजवत असताना नॉकिंग ऐकू येत नाही.